चौदा शब्द जास्त

आमचं साप्ताहिक बंद पडलं तेव्हा संपादकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि "आता जग तुमच्यासाठी मोकळं आहे" असं सांगितलं. जग मोकळं होतं हे खरं, पण ते इंटरनेटवर होतं आणि तिथे माझ्याआधी बरीच मंडळी पोचलेली होती. लिहिण्याची कामं देणाऱ्या अकरा ठिकाणी मी नाव नोंदवलं. एकाला गाद्यांवर कविता हव्या होत्या. एकाला नमुन्यादाखल पाच लेख फुकट हवे होते, आणि ते पाठवल्यावर त्याला मीच नको झाले.

मी आत्याकडे राहत होते. आत्या घरीच कपडे शिवायची. पुढची खोली तिची, आतली माझी. तिचे डोळे अधू होत चालले होते. मशीन हातांच्या सवयीवर चालायचं, पण सुईचं भोक काही केल्या दिसत नसे. म्हणून मी रोज सकाळी दहा सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे.

"लेखिकाबाई, ओवता का?" ती हाक मारायची. "एक तरी पक्कं काम आहे म्हणायचं तुला!"

"आणि डॉक्टरांचं नाव काढलं की तुझे गुडघे दुखतात," मी म्हणायचे.

"माझ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. नाहीच दिसलं तर शिवण सोडेन."

ती हसून म्हणायची, पण मला हसू यायचं नाही. शिवणकाम सुटलं तर आत्या महिनाभरात खचेल, हे मला दिसत होतं.

बारावं ठिकाण एका रिकाम्या दुपारी सापडलं. पांढरं पान, वर नाव नाही, खाली दोन ओळी: 'तुमच्या ओळखीच्या एका खोलीचं वर्णन करा. शब्द बरोबर दोनशे.'

मी आत्याची खोली लिहिली. कापडाचं टेबल, काळं मशीन, खिडकी, चिंध्यांची टोपली. 'सकाळी भाची आत्याला दहा सुया ओवून देते, उशीत टोचून ठेवते आणि मग लिहायला बसते.' भाची म्हणजे मीच. स्वतःचं कौतुक या एका वाक्यात उरकलं. तरी वीस शब्द कमी पडले. मग या धंद्यात सगळेच करतात ते मी केलं, म्हणजे भर घातली. खिडकीखाली एक निळं स्टूल ठेवलं, त्याचा एक पाय आखूड केला आणि खाली कागदाची घडी सारली.

मजकूर लगेच स्वीकारला गेला. पैसेही आले, आणि मी आत्याला उचलून गिरकी घ्यायची तेवढी बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी माझ्या पायाची करंगळी निळ्या स्टुलावर आपटली.

"हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तुझ्या काकांनी आणलं होतं. बघून चालावं जरा!"

पायाखाली कागदाची घडी होती. असेल बाई, रोजच्या वस्तूंकडे आपलं लक्ष कुठे असतं, असं म्हणून मी करंगळी चोळत बसले.

पुढचं काम आलं. तीच खोली, तोच मजकूर वाढवून आता अडीचशे शब्द. या वेळी मी मुद्दाम टोपलीत एक करडी मांजर झोपवली. आत्याला मांजरांचा मनस्वी तिटकारा. दुसऱ्या दिवशी करडी मांजर टोपलीत घोरत होती आणि आत्या तिच्या कानामागे खाजवत होती.

"सहा वर्षं झाली हिला इथे. आज दिसली होय तुला? डोळे कुणाचे गेलेत नक्की, माझे की तुझे?"

मी हसले. घाबरायला हवं होतं हे आता कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली होती.

तिसरं काम तोच मजकूर तीनशे शब्दांपर्यंत नेण्याचं होतं. मी भर घातली: 'आत्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते.' आनंदाच्या भरात शब्द मोजायचेही राहून गेले.

सकाळी सुयांसाठी हाक आली नाही. मी बाहेर डोकावले. आत्या उजेडाकडे सुई धरून बसली होती. दोरा आरपार गेला आणि ती गाणं गुणगुणायला लागली. मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

दुपारी निरोप आला. 'चौदा शब्द जास्त आहेत. पाचपर्यंत काढा. नाहीतर आम्ही काढू.'

घड्याळात साडेचार. त्यांनी डोळ्यांचं वाक्य काढलं तर? मशीन काढलं तर? मी मजकूर चार वेळा वाचला. खोटं झालेलं वाक्य आधी उडवायचं, हा आमच्या कामातला साधा नियम. आणि एक वाक्य आता खोटं झालंच होतं. भाची आता आत्याला सुया ओवून देत नव्हती.

मोजलं. बरोबर चौदा शब्द.

काढलं आणि पाठवलं.

"बाहेर पडलीस की येताना काळं रीळ आण गं!" आत्याने सकाळीच बजावलं होतं. मी उड्या मारतच कोपऱ्यावर गेले, रीळ घेतलं, परत आले. दार उघडंच होतं.

आत्याने मान वर केली आणि हसली.

"या बाई, बसा."

थट्टाच वाटली. मी निळ्या स्टुलावर बसले. तिने उठून माझ्या खांद्याला टेप लावला.

"रीळ बरोबर आणलंत, बरं केलंत. कापड कुठंय?"

"आत्या, पुरे आता."

"सगळे आत्याच म्हणतात मला," ती म्हणाली. चष्म्याशिवाय तिने टेपवरचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला. "नाव काय लिहू?"

मी नाव सांगितलं.

तिची पेन्सिल थांबली. "गोड नाव आहे. माझ्या भावाला मुलगी झाली असती, तर हेच ठेवायचं ठरलं होतं आमचं."

मग तिने माझ्या हातातलं रीळ घेतलं, दोरा तोडला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला.