खाडीवरचा उतारू

दुर्गजवळ कोहक्यातल्या घरी जेवणं आटोपली, गच्चीवर सतरंजी पडली. पार्थ आजोबांना म्हणाला, "आजोबा, तुमी समुद्राची गोष्ट सांगणार होते ना?"

"गोष्ट नाई ते," देवराव म्हणाले. "अच्युत घाटे आन् मी दुर्गले एकाच साली रेल्वेत गार्ड झालो. त्याच्यावर आलेली बात आहे."

पार्थची बहीण मृणाल जवळ सरकली. देवराव सांगू लागले.

रिटायर झाल्यावर अच्युतरावांना जुनी बंदरं पाहायचा नाद लागला. समुद्रापासून इतक्या लांब, दुर्गच्या पद्मनाभपुरात राहून समुद्राचं वेड, याचं त्यांच्या बायकोला, भाग्यश्रीला, हसू यायचं. पण ती सोबत जायची. २०२२ च्या नोव्हेंबरात दोघं ओडिशात गंजामच्या किनाऱ्यावर उतरली. तेवीस तारीख, बुधवार, अमावास्या. भाग्यश्रीचे पाय सुजले होते, ती लॉजवरच थांबली. खाडीपलीकडे जुन्या वखारीची भिंत होती. तिचे फोटो काढायला अच्युतराव एकटेच गेले.

जागा सुरेख. एका अंगाला सुरूचं बन, दुसऱ्या अंगाला केवडा, मधे वाळूत कमरेइतकी विटांची भिंत. एके काळी इथून गलबतं जावा, बाली बेटांवर जायची. सगळीच परतायची नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला गावातल्या बायका अजून केळीच्या सोपटाच्या होड्या पाण्यात सोडतात, असं नावाडी बेहेरानं येतानाच सांगितलं होतं.

फोटोंच्या नादात अंधार पडला. सव्वासहाला अच्युतराव काठावर आले. बेहेरा मागच्या टोकाला वल्हं घेऊन तयार होता. ते पुढच्या फळीवर, पाण्याकडे तोंड करून बसले. तेवढ्यात किनाऱ्यावरून कोणी म्हणालं, "भाऊ, मले बी येऊ द्या ना."

अगदी घरची बोली. दोन दिवसांत भाग्यश्रीशिवाय कुणाच्या तोंडून मराठी ऐकली नव्हती. अच्युतराव खूश झाले. मागे न पाहताच बोलले, "ये ना बाप्पा. बस."

होडी हलली. बोटभर खाली गेली.

"कुठले तुमी?" असं विचारत ते वळले.

मधली फळी रिकामी होती. तिच्यामागे बेहेरा. त्याची नजर पाण्यावर.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं.

बेहेरानं होडी लोटली. जाताना सहज चाललेलं वल्हं आता जड पडत होतं. पाणी होडीच्या कडेला लागत होतं. अच्युतरावांनी पुन्हा पुढे तोंड केलं.

खाडीच्या मध्यावर त्यांच्या पाठीला काहीतरी टेकलं.

गुडघा होता.

ओला.

"बेहेरा..."

वल्हं बुडालं, वर आलं.

"बेहेरा...?"

फक्त वल्हं. आणि पाणी.

होडी वाळूला लागली. अच्युतराव उतरले, आणि त्यांच्यामागोमाग होडी पुन्हा एकदा हलली. मग हलकी होऊन वर आली. तेव्हा बेहेरानं तोंड उघडलं.

"किससे बात की आपने?"

"आमच्याकडचा होता कोणी... मराठी बोलला."

"मुझसे ओडिया बोलता है।" बेहेरानं होडी वाळूत ओढून घेतली. "बाईस साल से बुला रहा है, बाबू। मैंने कभी बैठने को नहीं कहा।"

गच्चीवर मृणालनं हळूच विचारलं, "मग?"

"मंग काय. परत आले दोघं. सव्वा महिन्यानं त्यानं मले बोलावलं. पार वाळून गेला होता. चाळीस वर्षांची दोस्ती आमची, पण त्या दिवशी त्यानं मले 'बस' म्हटलं नाई. मी उभाच राहिलो. वहिनी मले आतल्या खोलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, रोज पुसते भाऊजी, वाळलं का पुन्हा उमटते."

देवरावांनी अंगठ्यानं बोट पुसलं.

"काळी फरशी. तिच्यावर पांढरं. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं. दोन पावलं... टाचा भिंतीले टेकलेल्या. बोटं अच्युतच्या खाटेकडे."