कापसाच्या पोटातला अलार्म

घाटंजीचा बाजार भरला होता आणि ममता सकाळपासून एका चौकोनी सेलासाठी दुकानं पालथी घालत होती. जो तो तिला लांबोडा सेल दाखवायचा. एकानं तर घड्याळाचा बारका सेल काढला आणि हाच बसून जाईल म्हणाला. ममतानं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं तो मुकाट्यानं परत बरणीत टाकला.

तिचा तरी काय दोष? कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरात काहीतरी वाजत होतं. मोठं नाही, सारखंही नाही. जरा वेळ गप्प बसायचं, माणसाला झापड येते न येते तोच— चींक. सारखं वाजलं असतं तर कानांना सवय तरी झाली असती; हे मेलं वाट पाहायला लावायचं. शेजारची भुरीबाई म्हणाली, पालीचं पिल्लू असेल. ममताची माय, कौसल्या, म्हणाली, चिचुंदरी. बाप उकंडा म्हणाला, मले काही ऐकू येत नाही, आणि उशी डोक्यावर घेऊन निजला.

शेवटी ममतानं पुण्याला भावाला फोन लावला आणि फोन घरात उंच धरला. चींक झालं तसा पियूष हसतच सुटला. दिवाळीला त्यानं आपल्या कंपनीतून काढून टाकलेला एक धुराचा अलार्म आणून दिला होता. घरात कापूस भरता, ठिणगी पडली तर कळावं, म्हणून. सेल संपत आला की तो असा रडतो म्हणे. चौकोनी सेल असतो. बदल, झालं.

झालं म्हणे! त्यात रविवारी आर्णीचे पाहुणे ममताला पाहायला येणार होते. मुलगा मास्तर होता, फोटोत बरा होता, नाही म्हणायला काही कारण नव्हतं. हो म्हणायलाही नव्हतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं. मायचं एकच चाललं होतं, झोप घे, तोंड उतरलं आहे. कशी घेऊ झोप, तेवढं कुणी सांगत नव्हतं.

बिनवायरच्या माइकात चौकोनी सेल असतो असं कुणीतरी म्हणालं, म्हणून ती बाजाराच्या टोकाच्या मंडप-बिछायतीच्या दुकानात गेली. एक उंच, सावळा तरुण मांडीवर भोंगा घेऊन बसला होता. तिनं सेल आहे का विचारलं. त्यानं मान वर केली नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. तिसऱ्यांदा ती समोरच्या टेबलावर वाकून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली. टेबलावरचा माइक चालू होता.

"सेल आहे का सेल" हा तिचा आवाज अख्ख्या बाजारावरून फिरून आला. मिरची मोजणारा थांबला. एक बैल दचकला.

तरुणानं आता कुठे वर पाहिलं. डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"हाय ना सेल," तो म्हणाला. "मलेच सांगतलं असतं तरी चाललं असतं. साऱ्या घाटंजीले कायले सांगतलं?"

"तुमालेच सांगून राह्यली होती. तीनदा."

"असं का..." तो एकदम ओशाळला, आणि माइकचं बूड फिरवून आतला सेल काढू लागला.

त्याचं नाव संघदीप. बापामागं दुकान तोच पाहायचा. लग्न असो, भीमजयंती असो, मंडप त्याचा, भोंगे त्याचे आणि माइकवरचा आवाजही त्याचाच. अलार्म कसा असतो ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण लांब शिडी होती, आणि ममताच्या गावावरूनच त्याला मंडपाचे बांबू आणायला जायचं होतं. सेल बदलायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणत तो निघाला. हे वाक्य आठवून ममताला पुढं बरेच दिवस चीड यायची.

घरी आल्यावर त्यानं अलार्म कुठं आहे विचारलं. उकंडानं कापसाच्या खोलीकडे बोट केलं.

"आत. खुंटीवर."

"कोणत्या खुंटीवर, काका?"

"भिंतीवरच्या. मी लावला तवा खोली रिकामी होती ना."

भाव पडल्यापासून गावात कुणी कापूस विकत नव्हता; ज्याच्या त्याच्या घरात एक खोली कापसानं आढ्यापर्यंत ठासलेली होती. उकंडाचीही. दिवाळीत त्यानं अलार्म दाराशी टोपी अडकवावी तसा खुंटीला अडकवला, आणि मग वेचणी आली तसा कापूस भरत गेला, तुडवत गेला. खुंटी कधी बुडाली ते त्याला कळलंही नव्हतं. धूर हुंगायला आणलेलं यंत्र कापसाच्या पोटात जाऊन बसलं होतं.

चींक, ते आतून म्हणालं.

ममतानं कपाळाला हात लावला. तिनं सुचवलं की दाराच्या फळ्या काढून थोडा कापूस बाहेर घेऊ. उकंडा बिथरला. भाव आल्याशिवाय बोंडभरही कापूस बाहेर येणार नाही. एकदा अंगणात ढीग दिसला की गावाला कळतं किती आहे, आणि व्यापारी दारात येऊन बसतो. वरून काय करायचं ते करा. आणि रविवारच्या आत करा, नाही तर आर्णीवाल्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगतो. घर असं चिवचिवत असलं तर पाहुणे विचारणार, खोली उघडा म्हणणार. ती शोभा नको.

वरून म्हणजे, मधली भिंत छपरापर्यंत पोचत नव्हती, तिथल्या फटीतून. संघदीपनं शिडी लावली, पाय धुतले आणि वर गेला. आवाज कुठून येतो ते सांगायला ममता मागून चढली. माय शिडीखाली बसून तूर पाखडू लागली. तिचा कान वर होता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

वर सगळं पांढरं होतं. छपरातल्या काचेच्या कवेलूतून उन्हाची एक तिरीप आत येत होती, तिच्यात तंतू तरंगत होते. उभं राहायला जागा नव्हती. रांगावं लागे, आणि गुडघा टेकला की माणूस कमरेपर्यंत खाली जाई. दोघं श्वास धरून बसले.

चींक.

"इथं," ममता म्हणाली.

"काय इथं?"

"वाजलं ना आत्ता."

"कुठं वाजलं?"

तिला वाटलं, हा थट्टा करतो आहे. पुन्हा वाजलं, पुन्हा त्यानं तसाच चेहरा केला. आणखी एकदा. मग मात्र ममताचा तोल गेला. झोपेचं, पाहुण्यांचं, बाजारातल्या बैलाचं, सगळं तिनं त्या एका माणसावर काढलं. लोकांचा जीव जातो आणि तुम्हाला खेळ सुचतो, उतरा खाली, असं तिनं दबक्या आवाजात पण पुरतं बोलून घेतलं.

संघदीप कापसाचा एक पेळू बोटांत पिळत बसला.

"खेळ नाही," तो अगदी हळू म्हणाला. "मले बारीक आवाज ऐकू येतच नाही. लहानपणापासून भोंग्याखाली निजलो. जाड आवाज येते, बारीक नाही येत. पाखरं तं... किती वर्षं झाले, ऐकलेच नाही." पेळू खाली टाकत तो म्हणाला, "कोणाले सांगू नका. माइकवाला बहिरा हाय म्हटलं तं मंडप कोण सांगन मले?"

तीनदा हाक मारली तेव्हा तो ओशाळला का होता, ते ममताला आता कळलं. तिनं इकडे तिकडे पाहिलं, मग पुढे सरकून त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली.

"वाजलं की दाबीन," ती म्हणाली. "उजवीकडं असलं तं उजवा खांदा. तुमी फक्त खोदा."

काम एका दिवसाचं नव्हतं. विहिरीसारखा खड्डा करावा तर कडेचा कापूस घसरून पुन्हा भरायचा, आणि कापसाच्या पोटात आवाज नीट एका जागी सापडायचाच नाही. संघदीप दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटे. तो खाजवायचा, ती चिडायची, हलू नका, ऐकू येत नाही, आणि मग तिलाच खाज सुटायची. दोन वाजण्यांच्या मधला वेळ मात्र मोकळा असायचा. त्यात तो तिला लग्नातल्या गमती सांगे. कुठल्या नवरदेवाच्या मामाचं नाव चुकलं आणि जेवणावरून पंगत उठली, कुठे पाऊस आला आणि मंडपासकट वऱ्हाड भिंतीला चिकटून उभं राहिलं. ती हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबे. एकदा हसण्याच्या नादात दोन वेळा वाजून गेलं, तिनं खांदा दाबलाच नाही.

"आज कमी वाजून राह्यलं वाटते," तो म्हणाला.

"तुमी खोदा."

आणि कधी कधी न वाजताही तिची बोटं खांद्यावर टेकायची. मग तो निमूटपणे तिथं खोदायचा. त्याला कुठे कळत होतं!

खाली भुरीबाई येऊन मायला विचारून गेली, की चिचुंदरी अजून सापडली नाही का. सापडेल, माय म्हणाली, आणि सुपातली तूर जरा जोरात पाखडली.

शनिवारी दुपारी संघदीपचा हात खांद्यापर्यंत कापसात गेला होता. त्याचा चेहरा बदलला. त्यानं हळूच हात ओढला, तर मुठीत पांढरी चपटी डबी. एवढीशी. ममताला ती पाहून रडू येईल असं वाटलं, रागानं की कशानं ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यानं माइकचा सेल आत बसवला, सुतळीनं डबी वर आढ्याच्या लाकडाला बांधली. आता धूर झालाच तर ती ओरडेल, कापूस कितीही भरला तरी बुडणार नाही.

दोघं थांबले. एकदा वाजायचा वेळ होऊन गेला. पुन्हा होऊन गेला.

किती दिवस ज्या शांततेसाठी ममता तळमळत होती ती आता खोलीत भरली होती, आणि तिला ती अजिबात नको होती.

"झालं," संघदीप म्हणाला.

"झालं."

"उद्या पाहुणे हाय ना तुमच्या इथं."

"हाय."

तो अंगावरचे तंतू एकेक करून काढू लागला. मग निघायला वळला. मग पुन्हा बसला. शिडीकडे पाहिलं. घसा खाकरला... आणि काहीच बोलला नाही. ममताच्या डोक्यात तिडीक गेली.

"ऐकू नाही येत ते एक झालं," ती म्हणाली. "बोलताही नाही येत का? लोकांच्या लग्नात तं रातभर माइक सोडत नाही."

"लोकांचं बोलणं सोपं असते," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्यावर कापूस चिकटला होता. "ममता... हे तीन दिवस मी पहिल्यांदा कोणाच्या कानानं ऐकलं. उद्यापासून खांद्यावर कोणी हात नाही ठेवला तं मले आपल्याच घरात करमणार नाही. तुमी मास्तरले हो म्हणान तरी मी मंडप घालीन, भोंगा लावीन. पण माइकवर तुमचं नाव मले घेता येणार नाही. एवढंच हाय."

एवढंच हाय, म्हणे. दुकानाच्या दारापासून आतापर्यंत या माणसानं तिला फक्त चिडवलं होतं, थकवलं होतं, खाजवायला लावलं होतं. आणि त्यातलं काहीही आता तिला दुसऱ्या कुणाकडून नको होतं.

खालून उकंडाचा आवाज आला. आर्णीवाल्यांचा फोन आला होता, किती वाजता निघायचं ते विचारत होते. आवाज बंद झाला वाटतं? येऊ द्या म्हणून सांगू का?

संघदीपनं मान खाली घातली.

ममतानं एकदा आढ्याला बांधलेल्या गप्प डबीकडे पाहिलं. मग जीभ दातांना लावली, ओठ आवळले आणि—

"चींक."

मग उकंडाचा सुस्कारा इतका मोठा आला, की वरपर्यंत ऐकू आला. तो फोनमध्ये सांगू लागला, की काही घरगुती अडचण आहे, या रविवारी जमत नाही, पुढं पाहू. मायच्या सुपाचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला, या खेपेला हळू आणि अगदी एका ठेक्यात.

संघदीप डोळे विस्फारून ममताकडे पाहत होता.

"हे मले ऐकू आलं," तो म्हणाला.

"मंग? तुमच्यासाठीच जरा जाड काढला आवाज." तिचे कान लाल झाले होते, पण ती रागावलेलीच दिसत होती. "आता दात नका दाखवू. मी रोज रोज असं चिवचिवत बसणार नाही, तोंड दुखते. उद्या सकाळी तुमच्या आईले घेऊन ये—"

ती थांबली. एकाच वाक्यात 'तुमच्या' आणि 'ये', असं काहीतरी झालं होतं. त्यालाही ते ऐकू आलं होतं.

"घेऊन ये तुझ्या आईले," तिनं नीट म्हटलं. "बाबाले खरं काय ते मी आज सांगते, रागावले तं रागावू दे. अन् येताना पाय धुऊन, अंग झाडून ये. माय कापूस लागलेल्या माणसाले बाजीवर बसू देत नाही."

तो उतरला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्यानं वर पाहिलं; फटीत तिचा चेहरा होता, केसांत, भुवयांत कापूस.

उकंडानं त्याला विचारलं, की काय रे, सापडलं का नाही?

"सापडलं, काका," संघदीप म्हणाला. "बाकीचं ममता सांगन."