सडेवाडीचा शिक्का

महाडच्या पेठेत सयाजी मास्तरांना पाठीमागे ‘शिक्केमास्तर’ म्हणत आणि मास्तरांना ते चांगलं ठाऊक होतं. माणसाला वेड असावं, पण निदान घरात दोन भांडी येतील असं तरी असावं, हे त्यांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं म्हणणं. मास्तरांचं वेड साधं होतं. लोकांची जुनी कार्डं-पाकिटं मागायची, त्यांवरचे टपालाचे शिक्के भिंगाखाली धरायचे आणि पातळ कागदावर गिरवून घ्यायचे.

तिकिटं जमवणारे मुंबईला पुष्कळ होते. शिक्क्यांबद्दल मात्र कुणी धड काही लिहून ठेवलं नव्हतं. खात्याच्या छापील यादीत कचेऱ्यांची नुसती नावं मिळत. कुठला शिक्का कधी आला, कधी झिजला, त्याच्या कडेला एक रेघ की दोन, हे शोधायचं तर दुकानदारांच्या तारांवर. प्रत्येक दुकानात गल्ल्यामागे एक वाकडी तार लटकलेली असे आणि वाचून झालेलं पत्र तिच्यात खोचलं जाई. मास्तर सुट्टीच्या दिवशी त्या तारा उतरवून धुळीत बसत. तुडीलच्या एका खोताने तर त्यांना पत्रांची अख्खी तार घरी नेऊ दिली होती. त्या आठवड्यात मास्तर शाळेत फारच गोड वागले, असं पोरं सांगत.

या सगळ्याचा त्यांना कोश करायचा होता. मुंबईच्या तिकीटवाल्या मंडळींनी तो छापायचं कबूलही केलं होतं. फक्त एक जागा कोरी होती. आंबेनळी घाटाच्या अंगाला, पोलादपुराच्या वरती सडेवाडी म्हणून एक वाडी आहे. जर्मन लढाई संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली, त्या साली तिथे काही महिने टपालकचेरी होती आणि मग ती बंद पडली. तिचा एकही शिक्का कुठल्याच तारेवर सापडेना. मास्तरांचा नियम असा की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही. त्या एका कोऱ्या जागेने त्यांची झोप उडवली होती. जेवताना उठत, अंगणात फेऱ्या मारत, पुन्हा येऊन पाटावर बसत. “एक शिक्का नसला तर काय सूर्य उगवायचा राहील?” आनंदीबाई विचारत.

चैत्रात शाळेला सुट्टी लागली तसे ते पोलादपूरला भिकूकडे गेले. भिकूने त्या वेळी डाकेची थैली खांद्यावरून सडेवाडीला वाहिली होती. आता तो दारात बसून दोर वळत असे.

“न्हाय सापडायचं तुमाला,” भिकू म्हणाला. “त्या साली वाडीत जी कार्डं गेली ती समदी कोपरा फाडलेली.”

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. असं कार्ड घरात न्यायचं नाही, अंगणात उभं राहून वाचायचं, वाचलं की फाडून जाळायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. हे मुंबईपासून महाबळेश्वरापर्यंत सगळे पाळत. मुंबईच्या गिरण्यांत वाडीची तरणी पोरं होती आणि साथीने ती भराभर नेली असणार. शिक्के का सापडत नाहीत ते मास्तरांना कळलं. मनातल्या मनात त्यांनी हे कोशात टिपून ठेवलं, आणि लगेच त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

“एखादं राहिलं असेल की.”

भिकूने दोर खाली ठेवला. “ठकूबाईकडं हाय. तिनं वाचूनच घेतलं नाय. पन मास्तर, तुमी जाऊ नका. शिकल्या मानसाला थितं कुनी उबं करत नाय. सरकार शाळा देत होतं, ती बी नको म्हनाले.”

पण कार्ड आहे म्हटल्यावर मास्तर थांबतात कसले!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चढ चढू लागले. खाली सावित्रीचं पात्र आटून गोटे उघडे पडले होते. उतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले, त्यांचा कडू धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. वाडी दिसली तेव्हा मास्तरांना बरं वाटलं. वाटेतल्या सगळ्या वाड्यांत म्हातारी माणसं आणि लेकरंच काय ती उरली होती. बाकीचं गाव मुंबईला. इथे मात्र अंगणाअंगणात तरणे गडी काम करत होते. कुणी कुऱ्हाड चालवत होता, कुणी कारवीचा कुड शेणाने लिंपत होता. मास्तरांच्या खिशातली भिंगाची दांडी आणि वही दिसली तशा दोन-चार बाया दारं ओढून आत गेल्या.

ठकूबाईच्या अंगणात तिचा मुलगा मोरू सुतारी वाकसाने बैलांचं जू तासत होता. डोक्याला मुंबईची काळी टोपी. ढलप्या पांढऱ्याशुभ्र उडत होत्या आणि ओल्या लाकडाचा वास सुटला होता. हात न थांबवताच तो म्हणाला, “मास्तर, लढाई संपली का?”

“कुठली?”

“जर्मनवाली.”

मास्तर हसले. “अरे, तिला युगं लोटली!”

“मंग बरं झालं,” मोरू म्हणाला आणि तासत राहिला. एवढं ऊन होतं, पण त्याच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

ठकूबाई बाहेर आली. पाठीत वाकलेली, डोळे मात्र लखलखीत. एवढ्या म्हातारीचा मुलगा पंचविशीचा कसा, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं. शेंडेफळ असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. “त्याला जरा बसू द्या की,” ते म्हणाले.

“तो बसत नाय,” ती म्हणाली. “मुंबैसनं आल्यापास्नं नाय बसला.”

कार्डाचं नाव काढताच तिने पदर घट्ट आवळला. मास्तरांनी समजावलं, विनवलं. मला मजकूर नको, नुसता गोल शिक्का हवा, कार्ड तुमच्याच घरात राहील. बराच वेळ ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांचा चेहरा पोटातलं दुखणं दाबून धरल्यासारखा झाला असावा. तिला दया आली.

“पत्त्याची बाजू बग. उलटं करू नको. वाचू नको बाबा, मनात पन नाय.”

“शप्पथ.”

तिने वाशातून चिंधीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. कोपरा फाडलेला. मास्तर ओटीवर बसले. पत्त्याच्या बाजूला मुंबईचा शिक्का होता, दुसरा कुठलाच नव्हता. लहान कचेरीतले कारकून शिक्का हाती येईल त्या बाजूला हाणत. सडेवाडीचा शिक्का मागे होता, मजकुरावर.

ठकूबाई चुलीकडे वळली होती.

मास्तरांनी कार्ड उलटलं. मजकूर तळहाताने झाकला, शिक्का तेवढा उघडा ठेवला आणि पातळ कागद वर धरला. काय सुरेख शिक्का होता! दोन रेघा, मध्ये तारीख, एकही अक्षर पुसलेलं नाही. ते गिरवू लागले. पण शिक्क्याच्या खाली शाईचे दोन शब्द होते आणि त्यांच्या रेघा शिक्क्याच्या रेघांत मिसळल्या होत्या. कुठली रेघ कुणाची, हे निवडावं लागत होतं. मास्तरांनी जन्मभर पोरांकडून बाराखडी घोकून घेतली होती. त्यांचे ओठ आपोआप हलले.

“मोरू... वारला.”

अंगणातला आवाज थांबला.

मास्तरांनी मान वर केली. वाकस जुवात रुतलेला होता. त्याच्या पात्यावर गंज चढला होता. जुवावर वाळवीची माती होती. ढलप्या करड्या पडल्या होत्या, भुग्यासारख्या, आणि त्यांच्यातून गवत उगवून वाळून गेलं होतं.

“मोरू?” आतून ठकूबाईने हाक मारली.

पुन्हा एकदा मारली.

मग ती दारात आली. अंगणाकडे तिने बघितलंच नाही. ती मास्तरांकडे बघत होती.

“वाचलंस?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

ती आत गेली. पाण्याचा हंडा घेऊन आली आणि अंगणात ओतून दिला. मग कळशी. मग तांब्यातलं उरलेलं. घरात मयत झालं की पाणी ओततात, तसं. ओतता ओतता तिचा आवाज फुटला. “एवडी वर्सं सांबाळला रे मी त्याला. उनाचा, पावसाचा. कुनाला वाचू दिलं नाय.”

मास्तरांना रडू आलं. तिने त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि चुलीत टाकलं.

“जा आता,” ती म्हणाली.

ते निघाले. गिरवलेला कागद कुठे पडला ते त्यांना कळलं नाही आणि तो शोधायला ते थांबलेही नाहीत.

वाट घरांमधूनच होती. दारादारांत बाया उभ्या होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. एकेक बाई वाशातल्या चिंधीकडे हात नेऊन दार अडवून उभी होती, आणि तिच्या समोर अंगणात कुऱ्हाड चालत होती, कुड लिंपला जात होता. मास्तर खाली मान घालून चालले. कुठल्याच अंगणाकडे बघायचं नाही, एवढंच ते स्वतःला सांगत होते.

वाडीच्या शेवटच्या घराचं दार मात्र उघडं होतं. दारात कुणी नव्हतं.

तिथला गडी कुंपणापाशी आला. काळी टोपी, कोरडं कपाळ. हातातला कोयता त्याने खाली ठेवला, तरी त्याची बोटं हलतच होती.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “लय दमलोय.”

त्याने सदऱ्यातून कोपरा फाडलेलं कार्ड काढलं आणि कुंपणावरून पुढे केलं.

“आई पान्याला गेलीया. ती यायच्या आत माजं पन वाचा.”