दीड मूठ चंद्र

"बटाटा चालतो. मैदा नाही, बेसन नाही, मासे नाहीत. फक्त बटाटा," मी इंग्रजीत, शक्य तितकं सावकाश सांगत होते. काउंटरमागची बाई तितक्याच सावकाशीनं माझ्याकडे बघत होती. तिच्यामागे भट्टीतून फोकाचाचं, तिकडच्या जाड पावाचं, मोठं ताट नुकतंच बाहेर आलं होतं. वर ऑलिव्ह तेल चमकत होतं, खडेमीठ, रोझमेरी... सगळी गल्ली त्या वासानं भरली होती.

"साबुदाणा विचारून बघा," माझ्यामागून कुणीतरी मराठीत म्हणालं. "मी मघाशी विचारला. तिनं मला हे दिलं."

मी वळले. एक उंच मुलगा रांगेत उभा होता. हातात तळलेल्या माशांचा कागदी कोन. दुसऱ्याचं बाळ धरावं तसा त्यानं तो अंगापासून जरा लांब धरला होता.

"तुमचीही चतुर्थी?" मी विचारलं.

"संकष्टी. तुमचीही आहे हे लगेच कळलं. इटलीत येऊन मैदा नको म्हणणारी व्यक्ती एकतर आजारी असते, नाहीतर आपल्याकडची."

मी हसले. अनोळखी माणसाशी मी सहसा इतक्या लवकर हसत नाही.

शेवटी त्या बाईनं बटाट्याचे काप तळून दिले, आम्हा दोघांना मिळून एकाच कागदात. तिचा काय समज झाला कोण जाणे. आम्ही पायरीवर बसलो, मध्ये तो कागद ठेवला आणि एकेक काप उचलू लागलो. दोघंही शेवटचा काप दुसऱ्यासाठी ठेवत होतो – तो थंड होऊन गेला.

तो नकुल. मूळचा नागपूरचा, आता वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळ बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये. ऑफिसच्या कामासाठी मिलानला आला होता आणि बरोबरच्या दोघांना घेऊन आज हा किनारा बघायला निघाला होता. ते दोघं डोंगरातल्या पायवाटेनं पुढे गेले होते. उपाशीपोटी चढायला नको म्हणून हा मागे राहिला.

मी सुमेधा. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते, औषधांच्या एका प्रयोगशाळेत स्फटिकांवर काम करते. कॉलेजपासूनची मैत्रीण अनया आणि तिचा नवरा सुशांत यांच्याबरोबर आठवडाभर इटलीत होते. आजचा दिवस चिंक्वे तेर्रेचा – समुद्राकडे तोंड करून कड्यांवर चिकटलेली पाच छोटी गावं. कुठल्या गावात काय खायचं हे अनयानं महिनाभर आधी ठरवलं होतं. नेमकी त्याच दिवशी चतुर्थी येतेय हे मात्र तिघांपैकी कुणीच बघितलं नव्हतं.

"सुमी! मिळालं का काही?" अनया आइस्क्रीम सांभाळत आली आणि नकुलला बघून थबकली. मी ओळख करून दिली. यालाही उपास आहे म्हटल्यावर तिचे डोळे असे चमकले की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"अय्या, पण आज तर करवा चौथपण आहे ना! माझ्या दिल्लीच्या मैत्रिणीनं सकाळीच स्टेटस टाकलंय. म्हणजे तुम्ही दोघं आज..."

"अनया."

"...एकाच चंद्राची वाट बघणार. एवढंच म्हणतेय यार मी. खगोलशास्त्र आहे ते."

नकुल समुद्राकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

गावांना जोडणारी एक छोटी गाडी आहे. जवळजवळ सगळी वाट बोगद्यातूनच जाते. मध्येच काळोख संपतो आणि क्षणभर निळाशार समुद्र डोळ्यांवर येतो, की पुन्हा काळोख. अशा प्रत्येक उजेडात मी खिडकीकडे बघायची, आणि काचेत मला समुद्राच्या आधी नकुल दिसायचा. तोही खिडकीकडेच बघत असायचा.

दुपारभर अनया-सुशांत जेवले आणि आम्ही शेजारी बसलो. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं फारिनाता आलं तेव्हा सुशांत ओरडलाच, "अरे, हे तर आपलं धिरडं!"

"असं नाही, सुशांत," नकुल म्हणाला. "नीट सांगा. कडा कुरकुरीत आहेत की मऊ? मी आज कानांनी जेवतोय."

"कडा कुरकुरीत. आत मऊ. मिरपूड आहे. हिरवी मिरची पाहिजे होती."

"आणि पेस्टो?"

"पेस्टो म्हणजे... बेसिलचा ठेचा. पण चांगल्या घरातला, आवाज न चढवणारा."

नकुल इतका मनापासून हसला की शेजारच्या टेबलावरची आजी त्याच्याकडे बघून हसली. मी द्राक्षं खात होते. कित्येक महिन्यांत इतकी भूक मला लागली नव्हती, आणि इतकी मजाही आली नव्हती.

"तुम्ही का करता?" त्यानं नंतर विचारलं. आम्ही त्या पाचांतल्या वेरनात्सा गावाच्या बंदरात, पालथ्या घातलेल्या होड्यांजवळ बसलो होतो. "सायन्सवाल्या दिसता, म्हणून विचारतोय."

"आईची चतुर्थी आहे ही. तिला डायबेटिस झाला, डॉक्टरांनी उपास बंद केला. इतक्या वर्षांचा नेम मोडला म्हणून ती नुसती हिरमुसून बसायची. म्हटलं, दे माझ्याकडे, मी चालवते."

"वाह! म्हणजे ट्रान्सफर केस."

"आणि तुम्ही?"

"आमच्या घरी चंद्र दिसल्याशिवाय ताटं मांडत नाहीत. बाबा सगळ्या बिल्डिंगला गच्चीवर घेऊन जायचे. आता दिवसभर मी स्क्रीनकडे बघतो... महिन्यातून एकदा तरी मान वर करावी, एवढंच."

"मी अ‍ॅपवरची वेळ बघते आणि जेवते."

"न बघता?"

"चंद्रोदय गणितानं काढतात. माझ्या बघण्या-न बघण्यानं त्याला काही फरक पडत नाही."

"त्याला नसेल पडत," तो म्हणाला. "आपल्याला पडतो ना!"

माझं एक आहे. जे मोजता येतं ते मी चटकन सांगते. जे मोजता येत नाही ते सांगायला मला फार वेळ लागतो. आणि त्या दिवशी वेळ होता तो फक्त संध्याकाळपुरता. रात्रीच्या गाडीनं तो मिलानला जाणार होता, सकाळी त्याचं सिॲटलचं विमान. मग तो एका किनाऱ्यावर, मी दुसऱ्या, मध्ये सगळी अमेरिका. हे मला दुपारपासून ठाऊक होतं आणि मी द्राक्षं खात बसले होते.

अंधार पडला. बंदरावर पिवळे दिवे लागले. अनयानं माझ्यासाठी फोकाचा बांधून घेतला होता. अ‍ॅप वाजलं आणि ती आनंदानं म्हणाली, "उगवला! खा आता. पण थांब हं... तुझा उपास न्यू जर्सीचा की इटलीचा? तिकडे अजून दुपार आहे."

"इथला," मी म्हटलं. "माणूस जिथे, चंद्र तिथला."

मी पुडी उघडली. नकुलकडे बघितलं. तो गावामागच्या डोंगराकडे बघत होता. गाव समुद्राकडे तोंड करून बसलेलं, आणि या दिवसांतला हा चंद्र ईशान्येला उगवतो – थेट डोंगराच्या पाठीशी. तिथे नुसता काळोख होता.

"खा ना," तो म्हणाला. "तुमच्या गणितानं उगवलाय."

"तुम्ही?"

"मला दिसायला हवा."

पुडीतून वास येत होता. मी ती पुन्हा बंद केली.

अनयानं माझ्याकडे बघितलं, मग पुडीकडे. सुशांतचा दंड धरून ती म्हणाली, "चल, आपण चर्च बघून येऊ." चर्च आम्ही दुपारीच बघितलं होतं.

मी हात सरळ लांब केला, मूठ वळली आणि डोंगराच्या पायथ्यावर धरली.

"काय करताय?"

"हात पूर्ण लांब केला की मूठ साधारण दहा अंश भरते. डोंगर दीड मूठ आहे. तासाला चंद्र एक मूठ चढतो. म्हणजे दीड तास."

"पण माझी मूठ मोठी आहे."

"तुमचा हातही लांब आहे. गुणोत्तर तेच राहतं."

त्यानं माझ्याशेजारी हात लांब केला. दोन मुठी, एकमेकींना लागून. "खरंच की," तो हळूच म्हणाला. हात मात्र दोघांनीही लगेच खाली घेतले नाहीत.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मित्र स्टेशनवर पोचले होते, गाडी पंधरा मिनिटांत होती. "हो... हो, माहीत आहे," तो म्हणत होता. मी समुद्राकडे बघू लागले. 'थांबा' हा एकच शब्द होता. तो मला मोजता येत नव्हता.

"धक्क्याच्या टोकाला गेलं," मी एका दमात म्हटलं, "तर डोंगर लांब जाईल. कोन कमी होईल. मूठभरच राहील. अर्धा तास वाचेल."

त्यानं फोन कानापासून खाली घेतला. "तरी माझी गाडी चुकेल."

"हो. चुकेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फोनमध्ये म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी नंतरच्या गाडीनं येतो. नाही रे, काही झालं नाही... डोंगर आडवा आलाय."

धक्क्याच्या टोकाला दगड ओले होते. खाली पाणी चुळबुळत होतं. आम्ही कशाकशावर बोललो – त्याच्या आईचे कोथिंबिरीच्या सांबारवडीचे प्रयोग, माझे न जमणारे स्फटिक, बेलव्ह्यूचा पाऊस. मध्येच कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कुणी केलं ते मला आठवत नाही. मग डोंगरावरच्या द्राक्षमळ्याची कड उजळली, एकेक वेल वेगळा दिसू लागला आणि त्यातून चंद्र वर सरकला. एका बाजूनं जरा झिजलेला, केशरी.

त्यानं हात जोडले. मीही जोडले. गार झालेल्या फोकाचाचा एक तुकडा त्यानं आधी चंद्राला दाखवला, मग माझ्यापुढे धरला.

"कडा?" मी विचारलं.

"कुरकुरीत होत्या. आता नाहीत," तो म्हणाला. "पण काय सांगू... यापेक्षा चांगलं मी काही खाल्लेलं नाही."

वेस्ट विंडसरला परत आल्यावर पानं गळाली, थंडी पडली. पुढच्या चतुर्थीला फोन आला. "इथे पाऊस आहे, सुमेधा. आठवडाभर आकाश दिसलेलं नाही. तुझा उगवला?"

"प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंग लॉटवर. स्वच्छ." मी फोटो पाठवला.

"मग मी जेवतो."

"न बघता?"

"तू बघितलास ना? झालं तर."

आमचा चंद्र त्यांच्यापेक्षा तीन तास आधी उगवतो. बेलव्ह्यूत तेव्हा संध्याकाळ पुरती झालेलीही नसे आणि हा ऑफिसातच डबा उघडून बसे. डिसेंबरातही तसंच. मधल्या दिवसांत आम्ही बोलायचो, रोजच बोलायचो, स्फटिकांबद्दल, सांबारवडीबद्दल. मोजता न येणारं तेवढं राहून जायचं.

जानेवारीच्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी तो म्हणाला, "या वेळी आकाश मोकळं आहे म्हणे. मी माझा चंद्र बघेन. तू आपली वेळेवर जेवून घे हं."

"बरं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी वरण-भात केला, मोदक केले. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. "कळ्या जाड झाल्यात गं," ती म्हणाली, पण खूश होती. चंद्र उगवला. खिडकीतून मला तो नीट दिसला. मी ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि बसून राहिले. अनयाचा मेसेज आला: 'जेवलीस का, करवा चौथ?' मी फोन पालथा ठेवला. भूक लागली होती. त्याचा चंद्र उगवायला अजून बराच वेळ होता.

फोन त्याच्या आधीच आला.

"जेवलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही."

"का? तुझा उगवलाय की."

मी झाकलेल्या ताटाकडे बघितलं. "तुझा नाही ना उगवला अजून."

"उगवलाय," तो म्हणाला. "दिसतोय मला. झाडांच्या वर... दीड मूठ."

"शक्य नाही. बेलव्ह्यूत आत्ता..."

मी थांबले. गणित मी दोनदा केलं. बेलव्ह्यूत चंद्र अजून क्षितिजाखाली होता, त्यात चूक नव्हती. आणि न दिसलेला चंद्र 'दिसला' म्हणणारा हा माणूस नव्हता. त्यातही चूक नव्हती.

मी खिडकी उघडली. थंड हवा आत आली. मी हात लांब केला, मूठ वळली, ओकच्या शेंड्यांवर धरली. एक मूठ. वर आणखी अर्धी.

खाली, आमच्या बिल्डिंगच्या बर्फ सारलेल्या पार्किंग लॉटमध्ये, पायाशी बॅग ठेवून कुणीतरी उंच उभं होतं. एक हात कानाशी होता. दुसरा चंद्राकडे लांब केलेला, मूठ वळलेली.

"सुमेधा," फोनमधून तो म्हणाला, "मोजून झालं असेल तर दार उघड. मलाही भूक लागलीय."