थोडी खाली घे

दोन हजार चारच्या मार्चातली दुपार. समुद्राकाठच्या राजिवड्यात कुलसुमचाचीची डिश वाऱ्याने हलली होती, म्हणून महिपत पाना घेऊन गच्चीवर चढला. काम रोजचंच. आभाळात एकाच जागी ठाण मांडून बसलेला अरबी चॅनलांचा उपग्रह इथून पश्चिमेला, माडांच्या शेंड्यांच्या बराच वर. डिश त्याच्याकडे वळवायची आणि खाली टीव्हीसमोर बसलेल्याला विचारत राहायचं. या धंद्यात पान्याइतकाच घसाही लागतो.

"आलं का चित्र?"

"नाय. थोडी खाली घे," खालून तरुण आवाज आला.

महिपतला हायसं वाटलं. म्हणजे फैझान परतला! चाचीचा हा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला, आणि अकरा दिवस त्याचा पत्ता नव्हता. म्हातारीने अन्न सोडलं होतं.

"आता?"

"अजून खाली..."

महिपत खाली घेत गेला. कुठूनसा शेवाळाचा, कुजक्या मासळीचा वास आला. त्याने डिशच्या रोखाने पाहिलं आणि त्याचे हात थांबले. डिश आभाळाकडे नव्हतीच. ती समोरच्या समुद्राकडे, सरळ पाण्यात रोखलेली होती.

तो घाईने खाली उतरला. खोलीत कुलसुमचाची एकटीच.

"चाची, फैझान कुठाय?"

तिने टीव्हीकडे बोट केलं. इतकं स्वच्छ चित्र महिपतने जन्मात पाहिलं नव्हतं. खिडकीतून बघावं तसं. पाठमोरा तरुण, निथळणारे केस, मानेवरचा थेंब न् थेंब वेगळा.

"अजून थोडी खाली घे, महिपतदादा," तो न वळता म्हणाला. "मग घरी येतो..."

"ऐकलास ना?" चाचीचे डोळे वाहत होते. "येतोय माझा फैझान."

तेवढ्यात फोन वाजला. महिपतने उचलला.

"हॅलो, अम्मा? फैझान बोलतो. बोट बंद पडली व्हती... आज मस्कतला पोचलो. बरा हाय मी. अम्मा?"

तोच आवाज. महिपतने टीव्हीकडे पाहिलं. फैझान मस्कतला, तर मग हा कोण?

"चाची, फैझानचा फोन! जिवंत हाय तो! बोला त्याच्याशी..."

टीव्हीवरची नजर न हलवता तिने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून "अम्मा, अम्मा" ऐकू येत होतं. तिने शांतपणे फोन ठेवून दिला.

"कोण तरी दुसराच हाय," ती म्हणाली. "माझा हा हाय."

महिपत दाराकडे सरकला. पाना त्याच्याच हातात होता. आणि वर, रिकाम्या गच्चीत, डिशचा गंजका बोल्ट करकरला. टीव्हीतली ती ओली मान हळूहळू वळू लागली.