सातवी पायरी

त्या दिवशी सकाळी धरण त्र्याण्णव टक्के भरलं होतं आणि वर पाणलोटात पावसाचा इशारा होता. येणाऱ्या पाण्याला जागा हवी, म्हणून दुपारी तीनला दोन दरवाजे अर्ध्या फुटाने उचलायचे असं मी ठरवलं होतं. एवढं पाणी नदीच्या पात्रातच राहतं. अठरा वर्षं मी हेच काम करतोय. आकडा म्हणेल ती पूर्व दिशा.

साडेअकराला ताईचा फोन आला. ती धरणाच्या खाली सहा किलोमीटरवर, नदीकाठच्या शेवटच्या गल्लीत राहते.

"अरे, भोंगा न वाजवता पाणी सोडलंस? आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला लागलंय!"

"ताई, अजून एकही दरवाजा उचललेला नाही."

"मग मी काय हौसेनं गच्चीवर चढलेय? समोरच्यांचा फ्रीज वाहत गेला आत्ता!"

मी खिडकीतून पाहिलं. सांडवा कोरडा ठणठणीत. कठड्यावर दरवाजे चालवणाऱ्या मिस्त्रींचा सदरा वाळत होता.

मी भावोजींना फोन लावला. ते दबक्या आवाजात बोलले. "सकाळपासून गच्चीवर बसलीये. गल्लीत धूळ उडतेय, आणि ही म्हणते पाणी भरलंय." मग म्हणाले, "एक सांगू? तिचे कपडे कमरेपर्यंत ओले आहेत. गाळाचा वास येतोय."

"साहेब," शेजारी उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "सातवी पायरी म्हणजे किती फूट?"

सव्वाचार. मी कागद ओढला. त्या गल्लीत सव्वाचार फूट पाणी यायला बाराही दरवाजे पूर्ण उघडावे लागतात. तीनदा आकडेमोड केली, तीनदा तेच उत्तर. असं आजवर कधी झालं नव्हतं आणि आज व्हायला काही कारणही नव्हतं.

तरी मी नगरपालिकेला फोन केला. "नदीकाठच्या तिन्ही गल्ल्या रिकाम्या करा. आत्ताच."

"कशाच्या आधारावर?" तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

"वरच्या मापकावर आकडा आलाय," मी धडधडीत खोटं बोललो. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता जाऊन भोंगा वाजवला.

अडीच तास काहीच झालं नाही. दोनदा वरिष्ठांचा फोन आला, दोनदा मी शिव्या खाल्ल्या. नोकरी गेलीच, असं मनाशी धरून बसलो.

पावणेतीनला वरच्या डोंगरात ढग फुटला.

आवक दुप्पट झाली. मग चौपट. पाणी दर दहा मिनिटांनी वीतभर चढू लागलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप सरकायला लागला.

"साहेब, आणखी अडवलं तर भिंत राहणार नाही."

आम्ही बाराही दरवाजे उचलले.

तिन्ही गल्ल्या बुडाल्या. माणूस मात्र एकही गेलं नाही. पाणी ओसरल्यावर मी स्वतः टेप घेऊन ताईच्या घरी गेलो. गाळाची रेघ सातव्या पायरीवर होती. समोरच्यांचा फ्रीज पुलाच्या खांबाला अडकलेला सापडला.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ठेवलं होतं त्या शाळेत गेलो. ताई वर्गात पांघरुणांच्या घड्या घालत होती, अगदी नेहमीसारखी.

"तुला आधी कसं कळलं गं?"

"आधी कुठे? पाणी आलं, तेव्हाच तर फोन केला." माझ्या तोंडाकडे बघून ती हसली. "जेवलास का? डोळे किती ओढलेत तुझे."

मी खिडकीशी गेलो. दूर खिंडीत धरणाची भिंत उन्हात लख्ख दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताई शेजारी येऊन उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिने बराच वेळ तिकडे पाहिलं.

"खिंड किती मोकळी मोकळी दिसते," ती म्हणाली. "तिथे आधी काय होतं रे?"