मधल्या मशीनवरची जास्वंद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन गांगुर्डेने सातपूरच्या कारखान्यातली ड्रॉइंगची खोली उघडली, तर कॉम्प्युटरमधून नव्या व्हॉल्व्हचं ड्रॉइंग गायब. खंडेनवमीला सकाळी तिने स्वतः ते पाहिलं होतं.

मालक कोठावदे यांनी लगेच फौजदार बोरस्ते यांना बोलावलं. खोलीची किल्ली एकट्या गांगुर्डे बाईंकडे असते, तेव्हा चोर शोधायला लांब जायला नको, असं त्यांनी सगळ्या कामगारांदेखत सांगूनही टाकलं.

सुमन ड्रॉइंग विभागाची प्रमुख. त्या व्हॉल्व्हचा पहिलाच माल तडे जाऊन परत आला होता. चूक ड्रॉइंगची की कारखान्याची, हे आज ठरायचं होतं. ड्रॉइंगच नाही म्हटल्यावर चूक तिच्या गळ्यात. नोकरी जाणार, वर पोलीसकेस.

साल एकोणनव्वद. फौजदारांनी कॉम्प्युटर इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला होता, पण खोटं बोलणारी माणसं भरपूर पाहिली होती. ते मॅनेजर निवृत्ती आहेर यांच्या केबिनमध्ये बसले. टेबलावर गणपतीचा फोटो, त्याला घरच्या झाडाची जास्वंद. हा आहेरांचा रोजचा नेम.

आहेर म्हणाले, खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, सगळे घरी गेले आणि ते स्वतः तडक वणीला, देवीच्या गडावर.

"त्या दिवशी हत्याराला कोणी हात लावत नाही," ते म्हणाले. "गांगुर्डे बाईंची गोष्ट वेगळी. त्या पूजेला हातसुद्धा जोडत नाहीत. त्यांना कसली आलीय भीती?"

हे मात्र खरं होतं. सुमन बौद्ध. पूजेच्या वेळी ती बाजूला गप्प उभी राहायची, आणि तेवढ्यावरून कारखान्यातली निम्मी माणसं वर्षभर कुजबुजायची. कुणाच्या नुसत्या उभं राहण्याचाही लोकांना त्रास होतो.

"तुमच्या खोलीत न शिरता ड्रॉइंग पुसता येईल?" फौजदारांनी सुमनला बोलावून विचारलं.

"येईल. चला, दाखवते."

तिने सगळ्यांना ऑफिसातूनच वाट असलेल्या मधल्या खोलीत नेलं. तिथल्या मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती. एका कार्डाला ड्रॉइंग विभागाच्या कॉम्प्युटरांची तार, दुसऱ्याला ऑफिसातल्या. हे मशीन चालू असलं की ऑफिसात बसून ड्रॉइंग उघडता येतं, पासवर्ड असेल तर पुसताही येतं. ते बंद, की दोन्हीकडचा संबंध संपला. ड्रॉइंगचं मुख्य मशीन मात्र सणालाही चालूच असतं.

"पासवर्ड कुणाकडे?"

"माझ्याकडे आणि आहेरसाहेबांकडे."

"पण हे मशीन पूजेपासून बंद आहे," आहेर म्हणाले.

शिपाई कोंडाजीने मान डोलावली. हार घालण्याआधी खटका त्यानेच बंद केला होता.

सुमनने शेजारच्या प्रिंटरवरचा हार उचलून फौजदारांच्या हातात दिला. फुलं अजून ओलसर होती. मग मधल्या मशीनवरचा हार दिला. त्याच्या पाकळ्या बोटांत चुरल्या.

"दोन्ही हार एकाच टोपलीतले," ती म्हणाली. "हा वाळला, कारण खालचं मशीन तापत होतं. पूजेनंतर कुणीतरी ते चालू केलं."

हाराखाली आणखी काहीतरी होतं. सुकून आक्रसलेलं एक लाल फूल. जास्वंद.

"पूजेतलंच असेल," आहेर घाईने म्हणाले.

"नाय साहेब," कोंडाजी म्हणाला. "म्या निसता झेंडू आणला व्हता. जास्वंद बाजारात कोण इकतं? आन हार घालताना तिथं काय बी नव्हतं."

"आज ऑफिस कुणी उघडलं?" फौजदारांनी विचारलं.

"आहेरसाहेबांनी," कोंडाजी म्हणाला. "रोज मीच उघडतो, आज ते माज्या आधी आल्ते."

आहेर उसळले. मशीन बाईंनीच चालू केलं असेल, त्या कुठे काही मानतात, असं म्हणाले.

"मी मानत नाही, म्हणूनच मी नाही," सुमन म्हणाली. "माझ्याकडे खोलीची किल्ली होती, मला हे मशीन लागतच नव्हतं. आणि लागलं असतं तर सरळ खटका दाबला असता. हे ज्याने चालू केलं, त्याला सणाच्या दिवशी हत्याराला हात लावायची भीती वाटली. त्याने फूल वाहून मशीनची माफी मागितली. मी माफी कशाला मागेन, साहेब? व्हॉल्व्हचं भोक ड्रॉइंगपेक्षा मोठं करायला तुम्ही कामगारांना तोंडी सांगितलंत, म्हणून माल फुटला. ड्रॉइंगमधलं माप तुमच्या आड येत होतं. ऑफिसातून ते पुसलंत, घाईत मशीन तसंच चालू राहिलं आणि आज लवकर येऊन बंद केलंत."

"फूल काढून का टाकलं नाही?" फौजदारांनी आहेरांना विचारलं.

आहेर खुर्चीत बसले. "वाहिलेलं फूल," ते पुटपुटले, "कसं काढणार?"

फौजदार त्यांना घेऊन निघाले. कोठावदे यांनी दार लोटून घेतलं. झालं ते झालं, ते म्हणाले, कारखान्याची अब्रू जाते; बाईंनी हे चार भिंतींत ठेवावं, पगाराचं बघू. आणि पुढच्या वर्षी पूजेला नुसते हात जोडले, तर लोकांची तोंडंही बंद होतील.

सुमन रागाने दाराकडे वळली.

"हात मी पुढच्या वर्षीही जोडणार नाही," ती म्हणाली. "आणि चोर म्हणालात ते चार भिंतींत नाही म्हणालात."

बाहेर पाळी बदलत होती. आवारात दोन्ही पाळ्यांची माणसं उभी होती. सुमनने दार सताड उघडलं.

"बोला साहेब," ती म्हणाली. "सगळे आहेत."